साष्टी हे बेट आहे, हे तुम्ही विसरलात

प्रति,
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची फाइल ज्यांच्या टेबलावर येते आणि ज्यांच्या सहीने ती पुढे सरकते, ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात पहाटे साडेचारच्या सुमाराला मी भाच्याच्या गाडीतून ठाण्याहून बोरिवलीला येत होते. रात्री धाकट्या बहिणीकडे मुक्काम होता आणि सकाळी घरी प्लंबर यायचा होता, म्हणून लवकर निघालो. गायमुख मागे पडलं, दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं आणि भाच्याने एकदम गाडी कडेला घेतली. रस्त्याच्या मधोमध उदमांजर पडलं होतं. नुकतंच मेलं असावं. एकामागून एक कंटेनर जात होते. प्रत्येक कंटेनरच्या वाऱ्याने त्याची लांब काळी शेपटी उचलली जायची आणि पुन्हा डांबरावर पडायची.

मी फोन लावले. एका ठिकाणी म्हणाले, रस्ता आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणाले, जंगलात असतं तर आलो असतो, पण हे डांबरावर आहे. तिसरीकडे कळलं की मेलेली जनावरं उचलणारी गाडी सातनंतर सुटते. तिघंही नीट बोलले, त्यामुळे कोणत्या ऑफिसात काय उत्तर मिळालं ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी भाच्याने डिकीतलं पोतं काढलं, दोन ट्रकांमधली फट साधली आणि ते उचलून रस्त्यापलीकडे, उत्तरेला, नागलाच्या बाजूला ठेवलं. तिकडेच का, असं मी विचारलं. म्हणाला, "मावशी, तोंड तिकडे होतं त्याचं."

हे पत्र त्या दिशेबद्दल आहे.

आधी मी कोण ते सांगते. बोरिवली पूर्वेला कुलुपवाडीत राहते. जन्म इथलाच. एकतीस वर्षं पालिकेच्या शाळांत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. माझे वडील जलखात्यात चावीवाले होते. नव्या पिढीला सांगायला हवं म्हणून सांगते: खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी घेऊन पहाटे रस्त्यावरचं झाकण उघडून व्हॉल्व्ह फिरवणारा तो चावीवाला. तुमच्या इमारतीत पाणी आलं की नाही ते त्याच्या हातात असायचं. मी संघटनेची नाही, पक्षाची नाही. कोर्टात कधी गेले नाही. उद्यानात मात्र आठवड्यातून चार दिवस जाते, पासावर.

आता भूगोल. सातवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारायची: आपण आत्ता बेटावर आहोत का? वर्ग एकमुखाने म्हणायचा, "नाही बाई!" का नाही? "बेटावर होडीने जावं लागतं." मग मी नकाशा लावायची. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिला उल्हास नदीशी जोडणारा चिंचोळा फाटा, पश्चिमेला समुद्र. ही साष्टी. शहासष्ट गावांचं बेट म्हणून साष्टी, असं सांगतात. दक्षिणेला ती भराव घालून मुंबईच्या सात बेटांना जोडली गेली, पण मुख्य भूमीपासून ती आजही पाण्याने तुटलेलीच आहे. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपल्याला पूल आहेत. लोकलला आहे, ट्रकला आहे, पाण्याच्या पाइपलाइनलासुद्धा आहे.

या बेटाच्या पाठीवर सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. आमच्या लहानपणी त्याला नुसतं 'नॅशनल पार्क' म्हणत, त्याआधीचं नाव कृष्णगिरी, आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. नावावरून मला भांडायचं नाही. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, पूर्वेला भांडुप, मुलुंड आणि पुढे ठाणे. तिन्ही बाजूंनी टॉवर थेट हद्दीपर्यंत आलेत. उरली फक्त उत्तर. तिथे घोडबंदर रस्ता ओलांडला की नागला नावाचा जंगलाचा तुकडा आहे. तोही उद्यानाचाच भाग, रस्त्याने कापून वेगळा पडलेला. त्याच्या पायथ्याला तिवरं, मग वसईची खाडी, आणि खाडीपलीकडे कामणच्या बाजूने चढत गेलेलं तुंगारेश्वरचं अभयारण्य. तिथून पुढे सह्याद्रीपर्यंत जंगलांचे तुकडे एकमेकांना कसेबसे धरून आहेत.

म्हणजे साष्टी बेटावरच्या जनावराला मुख्य भूमीवर जायला एकच दार आहे, नागला. बिबट्या पोहतो, खाडीचं त्याला भय नाही. त्याला मरण येतं ते रस्त्यावर.

हे दार चालतं, याला पुरावा आहे. 'आजोबा' आठवतो का? २००९ मध्ये नगर जिल्ह्यात एका विहिरीत पडलेला म्हातारा बिबट्या. त्याच्या गळ्यात कॉलर बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, आणि तो महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या या जंगलापाशी येऊन पोहोचला. रेल्वेचे रूळ, महामार्ग, खाडी, सगळं ओलांडून. कुणावरही हल्ला न करता. दोन वर्षांनी तो गेला. कशाने, तर महामार्गावर गाडीच्या धडकेने.

२०१५ च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत उद्यान, त्याला लागून असलेली आरे वसाहत आणि नागला मिळून ३५ बिबटे मिळाले, २०१८ मध्ये ४७. वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापलं की जगात इतके दाट बिबटे फार कमी ठिकाणी आहेत. आकडा खराच. पण भूगोलाच्या बाईला त्यात दुसरंही दिसतं. बेटावर गर्दी वाढते तेव्हा बाहेर पडायची वाट लागते, आत यायचीही लागते. ती बंद झाली तर काही पिढ्यांनी आपसातलंच रक्त फिरत राहतं. बेटांवरची जनावरं अशीच हळूहळू संपतात. त्याची बातमी होत नाही, कारण एका दिवशी काहीच घडत नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार घोडबंदर रस्त्याची आहे. हा रस्ता रुंद होत गेला, दुभाजक आले, दिवे आले, मेट्रोचे खांब आले. प्रत्येक वेळी वाहतूक कोंडीचा विचार झाला आणि तो व्हायलाच हवा होता, त्या कोंडीत मीही दोन-दोन तास बसले आहे. पण पलीकडे जाणाऱ्या जनावराचं काय करायचं, याचं उत्तर रस्त्यावर उभं राहून शोधलं तर सापडत नाही. काँक्रीटचा अखंड दुभाजक रात्रीच्या अंधारात भेकराला काय करतो याची कल्पना करा. ते अर्ध्या रस्त्यात येऊन उभं राहतं. पुढे भिंत, मागे दिवे.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. आपल्याच महाराष्ट्रात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-सिवनी महामार्गाखाली जनावरांसाठी नऊ मार्ग बांधले. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ त्याखालून जाताना दिसले, नेमाने. विदर्भात जे करता आलं ते ठाण्यात का नाही? इथली जमीन महाग आहे म्हणून?

गायमुख ते फाउंटन हॉटेल असा भुयारी मार्ग करायची योजना आहे, असं आम्ही वाचतो. या एका बोगद्याला माझा मनापासून पाठिंबा आहे, फक्त एक अट आहे. गाड्या खाली गेल्यावर वरचा रस्ता जनावरांना द्या. निदान रात्री. खालीही रस्ता आणि वरही रस्ता असं केलंत, तर नागलाचं दार कायमचं विटांनी बंद केल्यासारखं होईल.

दुसरी तक्रार कागदाची आहे. ५ डिसेंबर २०१६ रोजी केंद्राने उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. ५९.४६ चौरस किलोमीटर. कुठे ते चार किलोमीटर रुंद आहे, तर कुठे जेमतेम शंभर मीटर. शंभर मीटर म्हणजे किती, हे मी मुलांना शाळेच्या मैदानावर पळायला लावून दाखवायची. त्या पट्ट्याचा विभागीय आराखडा दोन वर्षांत करायचा होता. दोन वर्षं २०१८ च्या डिसेंबरात संपली. मसुदा लोकांपुढे येईपर्यंत इतका वेळ गेला की त्यात कितीतरी इमारतींचे पाये भरून, वर लोक राहायलाही आले. आराखडा नसताना परवानग्या कशाच्या आधारावर दिल्या गेल्या, ते आम्हाला सांगा. मी हा प्रश्न साध्या टपालाने दोनदा विचारला होता. पोच मिळाली, उत्तर नाही.

या पट्ट्यात काय चालतं ते बघायचं तर शनिवारी रात्री येऊरला जा. लग्नाच्या वरातीचे स्पीकर, रात्री बारापर्यंत झगझगणारे टर्फ. आमच्याकडेही हद्दीला लागून एका नव्या गृहसंकुलाने जंगलाकडे तोंड करून फ्लडलाइट लावलेत, बिबट्या येऊ नये म्हणून म्हणे. बिबट्या दिव्याला घाबरत नाही. तो कुत्र्यांसाठी येतो, कुत्री कचऱ्यासाठी येतात आणि कचरा त्याच संकुलाच्या मागच्या भिंतीपाशी पडलेला असतो. हे सांगायला गेले तेव्हा सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, तुम्हाला बिबटे आवडतात, आम्हाला मुलं आहेत." मलाही मुलं होती हो. चाळीस-चाळीस, प्रत्येक वर्गात.

इथे एक श्रेय तुम्हाला द्यायचंच आहे. २००४ च्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, आम्ही संध्याकाळी मुलांना बाहेर सोडत नव्हतो. तेव्हा पिंजरे लावा, पकडा, दूर सोडा, असंच सगळे ओरडत होते. मीही त्यात होते, लपवत नाही. पुढे अभ्यासकांनी दाखवलं की दुसरीकडून पकडून आणलेले बिबटे इथे सोडले जात होते आणि त्यातूनच प्रश्न चिघळत होता. तुमच्यातल्या काही अधिकाऱ्यांनी ते ऐकलं. २०११ मध्ये 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) ही मोहीम सुरू झाली, वनरक्षक सोसायट्यांत येऊन बोलायला लागले, हल्ले कमी झाले. म्हणजे ऐकलंत की फरक पडतो. म्हणूनच लिहायची हिंमत करते.

तिसरी गोष्ट बोगद्यांची, आणि इथे मला सावधपणे बोललं पाहिजे, कारण बोरिवली-ठाणे बोगदा झाला की बहिणीकडे जायला मला पाऊण तासाऐवजी पंधरा मिनिटं लागतील असं भाचा म्हणतो. जवळजवळ बारा किलोमीटरचा हा मार्ग, त्यातले सव्वादहा किलोमीटर जंगलाखालून. दुसरा गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा, ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे, तेही याच डोंगराखालून. जुलै २०२४ मध्ये दोन्हींचं भूमिपूजन झालं. झाडं वरची वर राहतात, हे म्हणणं बरंचसं खरं आहे. पण डोंगर म्हणजे नुसती झाडं नव्हेत. आमच्या या डोंगरात दख्खनचा काळा खडक आहे, कान्हेरीला ज्वालामुखीच्या राखेगोट्यांचा घट्ट झालेला खडक. पाणी त्याच्या भेगांत साठतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत झिरपत राहतं. त्यावर ओढ्यांतली डबकी टिकतात, त्या डबक्यांवर सांबरं आणि चितळं. भेगा बदलल्या तर पाणी वाट बदलणार. किती बदलेल, हे मला सांगता येणार नाही. तुम्हाला सांगता यायला हवं, आणि तेही खणायच्या आधी. पाड्यांवरच्या विहिरींची पातळी बोगद्याआधी किती होती याची नोंद कुठे लावली आहे का? असेल तर ती दाखवा, एवढंच.

पाण्यावरून वडील आठवतात. जुलैत तुळशी तलाव भरून वाहू लागला की ते घरी येताना पावशेर जिलेबी आणायचे. आई म्हणायची, पगार तर वाढला नाही, मग जिलेबी कसली? ते म्हणायचे, "तुळशी भरला." तेवढंच. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईला नळाने आलेलं पहिलं पाणी विहारचं. आज भातसा, वैतरणा, तानसा एवढ्या लांबून पाणी येतं की तुळशीचे ८०४ कोटी लिटर हिशेबात चिमूटभर वाटतात. पण सात तलावांतले हे दोनच बेटावर आहेत, महापालिकेच्या हद्दीत. त्यांचं पाणलोट जंगल आहे म्हणून ते अजून पिण्याजोगे आहेत. शेजारच्या पवईचं पाणी आपण का पीत नाही, ते पवईच्या काठावर उभं राहिलं की कळतं.

हीच डोंगरबाजू दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या सोडते आणि विहार-पवई भरले की मिठी वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री आमच्या खालच्या गल्लीत गळ्याएवढं पाणी होतं. त्यानंतर तुम्ही काय केलंत? नद्यांना काँक्रीटच्या भिंती बांधल्यात. दहिसर नदी उद्यानात असते तोवर नदी असते, तिच्यात खेकडे आहेत, काठाला करंज आहे. फाटकाबाहेर आली की गटार. इतका फरक अर्ध्या किलोमीटरात पडतो. कान्हेरीच्या भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी लेण्यालेण्याला पाण्याचं टाकं खोदलं, छपरावरून खोबण्या काढून पाऊस त्यात उतरवला. शिलालेखात त्या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय, कल्याण-सोपाऱ्याच्या लोकांची दानं त्यात नोंदलेली आहेत. त्यातली काही टाकी मे महिन्यातही भरलेली मी पाहिली आहेत. आणि खाली आपण टँकर मागवतो.

आग. याबद्दल थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण कारवी या झुडपामुळे थोडक्यात होत नाही. मी माझं वय कारवीत मोजते. आमच्या डोंगरातली कारवी आठ वर्षांनी फुलते. २००८ ला आई सोबत होती, शिलोंड्याच्या वाटेवर काठी टेकत आली होती. २०१६ ला शाळेतली पोरं होती. २०२४ ला मी आणि माझे गुडघे. जांभळा डोंगर, मधमाश्यांचा आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. फुललेली कारवी मग मरते. बोंडं वाळतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तडतड आवाज करत फुटतात, बी उडतं. म्हणजे फुलोऱ्यानंतरचे दोन उन्हाळे डोंगरावर वाळलेल्या काठ्यांचं रान उभं असतं. त्यात एक विडी पुरते. मुलुंडच्या बाजूला, येऊरला, दिंडोशीच्या माथ्यावर दर उन्हाळ्यात आगी दिसतात. २०१८ च्या डिसेंबरात दिंडोशीची आग हायवेवरून दिसत होती. या आगी जंगलात आपोआप लागत नाहीत. कुणी लावतं, कुणाच्या हातून लागते, आणि जळालेली जागा मग 'ओसाड' म्हणून नोंदली जाते. ओसाड जागेचं पुढे काय होतं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

याच कारवीच्या काठ्यांचे कुड शेणामातीने लिंपून पाड्यांवरची घरं होत. म्हणून आता पाड्यांबद्दल. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी, ही मंडळी या डोंगरात उद्यानाच्या कितीतरी आधीपासून आहेत. वाघबारशीला वाघोबाला नारळ वाढवणारी ही माणसं, बिबट्यांसोबत राहायचं कसं याचा सर्वांत जुना अनुभव त्यांच्या गाठीला आहे. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सांगितलं, हजारो झोपड्या पडल्या, पात्र कुटुंबांकडून ७,००० रुपये भरून घेऊन चांदिवलीला घरं द्यायचं ठरलं. तीन दशकं होत आली, प्रश्न कोर्टात फिरतोच आहे. न्यायालयाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण अतिक्रमण या एका शब्दात तुम्ही आदिवासी आणि जागा बळकावून भाड्याने देणारे यांना एकत्र घालता, ते मला पटत नाही. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की दावे निकाली निघाल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. ते दावे आधी निकाली काढा.

बोरिवली स्टेशनबाहेर पहिल्या पावसात एक मावशी शेवळं ही रानभाजी घेऊन बसते, सोबत काकडं, म्हणजे घशाला खाज सुटू नये. कुठून आणते ते मी विचारत नाही. दरवेळी मला सांगते, यंदा शेवळं कमी. गेल्या वर्षीही हेच म्हणाली होती. हा सर्वेक्षणाचा आकडा नाही, पण पन्नास वर्षं शेवळं काढणाऱ्या बाईचा अंदाज मी कुठल्याही टेबलावर बसून केलेल्या अहवालाच्या वर ठेवीन.

आरेबद्दल वेगळं लिहीत नाही. ऑक्टोबर २०१९ च्या त्या दोन रात्रींत मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं कशी पडली ते सगळ्या देशाने पाहिलं. नंतर ८०० एकरांहून जास्त जागा राखीव वन करायचं ठरलं, चांगलं झालं. झाडं पडल्यावर ठरलं, एवढंच.

किरकोळ तक्रारीही आहेत. वनराणी, म्हणजे मुलांची आगगाडी, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने बंद पडली आणि मग आम्ही किती वर्षं वाट पाहिली. सिंह-वाघांच्या सफारीवर होणाऱ्या जाहिरातींतला थोडा भाग तरी पिसोरीला द्या, अंगठ्याएवढे खूर असलेलं हरीण या शहरात राहतं हे माझ्या निम्म्या सोसायटीला ठाऊक नाही. आणि फाटकावर प्लास्टिकच्या बाटल्या तपासणारी मुलगी नऊ तास उभी असते, तिला बसायला खुर्ची द्या.

आता मागण्या.

घोडबंदर रस्त्यावर गायमुख ते घोडबंदर गाव या टप्प्यात जनावरांसाठी वरून किंवा खालून मार्ग बांधा, आणि तोवर अखंड दुभाजकात फटी ठेवा, वेगावर कॅमेरे लावा. गायमुख-फाउंटन भुयारी मार्ग होईल तेव्हा वरचा रस्ता रात्री अवजड वाहनांना बंद राहील, हे कामाच्या आदेशातच लिहा. नंतर बघू, असं नको.

नागला आणि खाडीपलीकडचं तुंगारेश्वर यांमधला पट्टा नकाशावर आखा आणि त्यातली एकही नवी परवानगी वन्यजीव अभ्यासकांच्या जाहीर मताशिवाय देऊ नका.

पर्यावरण-संवेदनशील पट्ट्याचा अंतिम आराखडा मराठीत प्रसिद्ध करा, प्रत्येक वॉर्डात नकाशा लावा, आणि २०१६ नंतर त्या पट्ट्यात दिलेल्या सगळ्या बांधकाम परवानग्यांची यादी त्यासोबत द्या. फ्लडलाइट आणि रात्रीचे स्पीकर यांवर तिथे वेगळा नियम करा.

दोन्ही बोगद्यांच्या वरच्या भागातल्या विहिरी, झरे, ओढे यांच्या पातळीची नोंद दर महिन्याला लोकांसमोर ठेवा.

पाड्यांवरचे वनहक्काचे दावे मुदत ठरवून निकाली काढा. आगीच्या हंगामात फायर वॉचर म्हणून पाड्यावरची माणसं नेमा, आणि पगार वेळेवर द्या.

आणि रस्त्यावर मेलेल्या जनावरासाठी एकच फोन नंबर. एकच. चोवीस तासांचा. प्रत्येक मेलेल्या जनावराची जागा, वेळ, जात लिहून ठेवणारा. ती वही वर्षभर भरली की मार्ग नेमके कुठे बांधायचे हे कुठल्याही सल्लागाराला पैसे न देता कळेल.

यातलं काहीच फार खर्चाचं नाही. हजारो कोटींच्या रस्त्यांच्या हिशेबात तर नाहीच.

तुमच्यापैकी ज्यांना हे पत्र म्हातारीची कटकट वाटेल, त्यांना एक विनंती. एक रात्र माझ्यासोबत चला. अकरा ते पहाटे पाच, नागलाच्या फाटकापाशी, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी खुर्च्या टाकून बसू. बोलायचं नाही, फोन बघायचा नाही. चहाचा थर्मास आणि पोहे मी आणते. ओलांडायला कोण कोण येतं आणि किती जण परत फिरतात, ते तुम्ही स्वतः मोजा. वही मी देईन.

आपली नम्र,
कुलुपवाडी, बोरिवली (पूर्व) इथली एक निवृत्त शिक्षिका